अकरा पुरचुंड्या

थंडीच्या सकाळी एक धडधाकट माणूस स्वतःच्याच शेताच्या बांधावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, नुसता बसून राहिलेला दिसला तर कुणालाही वाटेल की याला घरातून हाकललंय. मलाही तसंच वाटलं होतं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. कृषी सहायक म्हणून माझी पहिली नेमणूक मुरबाड तालुक्यात, धसईपासून पायी पाऊण तासावरच्या एका गावात झाली होती आणि या माणसाच्या घरातली पुढची खोली मला भाड्याने मिळाली होती. राहायला आल्याच्या दुसऱ्याच सकाळी मी हे दृश्य पाहिलं आणि त्यांच्या बायकोला, काकींना, हळूच विचारलं, "काका रागावलेत का?"

"राग कसला गो," काकी चुलीत फुंकर घालत म्हणाल्या. "दव सुकायची वाट बगतात. मिरची ओली हाय ना. ओल्या पानाला हात लावायचा नाय, असं त्यांची आई सांगून गेली. म्हातारी जाऊन वीस वरसं झाली, पण मुलगा अजून बसलाय."

"आणि हात मांडीखाली कशाला?"

"मोकळं सोडलं तं जातात मिरचीकडं."

तर असे आमचे काका. गावात भात सगळेच करायचे. काकाही करायचे, पण उरकून टाकायचं काम म्हणून. त्यांचा जीव होता तो विहिरीलगतच्या अर्ध्या एकरातल्या मिरचीत. ही मिरची त्यांच्या घरातलीच. आजीच्या काळापासून चालत आलेली, बुटकी, टोकाला जराशी वाकडी, वासाला मात्र अशी की तव्यावर टाकली तर शेजारच्या आळीतला माणूस शिंकायचा. खाकी अर्धी विजार, बनियन आणि गळ्यात दोऱ्याला बांधलेलं घड्याळजीचं भिंग हा त्यांचा बारमाही पोशाख. ते भिंग त्यांनी मुरबाडच्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून मिळवलं होतं. एका डोळ्यात बसवून ते पानाची खालची बाजू पाहत बसायचे. पानच कशाला, काहीही पाहायचे. एकदा माझ्या हातावर पुरळ आलं. मी काकींना दाखवत होते तर काका मधेच आले, भिंग लावून पाहिलं, "अळी नाय," म्हणाले आणि निघून गेले.

बोलणं कमी. कशालाही उत्तर एकच, "बगू." सरकारी योजना आली, बगू. पुतण्याचं लग्न ठरलं, बगू. मत कुणाला देणार, बगू. सुरुवातीला मला वाटायचं, हा टाळायचा प्रकार आहे. पुढे कळलं की हा माणूस बगू म्हणाला की खरंच बघतो. महिन्याभराने, आपण विसरून गेल्यावर, तो येऊन सांगतो की तू म्हणालीस ते मी बघितलं आणि ते चूक आहे.

मी नुकतीच कृषी पदविका घेऊन आलेली. वय बावीस, अंगात शहाणपण मावत नव्हतं. दव सुकेपर्यंत बांधावर बसणं ही मला शुद्ध अंधश्रद्धा वाटायची. कामाला येणाऱ्या बायकांनाही काका बसवून ठेवायचे आणि गाव हसायचं की यांच्या मळ्यात बसायची मजुरी मिळते. मी एकदा त्यांना समजावलं की सकाळचे हे दोन तास फुकट जातात. ते म्हणाले, "बगू." ती एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच बघितली नाही.

बियाण्याची त्यांची पद्धत गावभर ठाऊक होती. तिसऱ्या तोड्याला, झाड भरात असताना, ते मळ्यातून हिंडायचे आणि मनाला येईल त्या मिरचीच्या देठाला लाल दोरा बांधायचे. दोरा बांधलेली मिरची म्हणजे बियाण्याची. तिला घरातल्या कुणीही शिवायचं नाही. काकींना ठेच्याला मिरच्या हव्या असल्या तरी त्या दोरे चुकवत तोडायच्या. एका वर्षी जावई आले. हौसेने मळ्यात गेले आणि दोऱ्यासकट एक मिरची तोडून भाकरीबरोबर खाऊन आले. वर काकांनाच म्हणाले, "मामा, मिरचीला राखी बांधलीय का?" काका तीन महिने जावयाशी बोलले नाहीत. जावई बिचारे दर खेपेला माफी मागायचे. शेवटी काकींनी लेकीच्या नवऱ्यासाठी पुरणपोळ्या केल्या आणि नवऱ्याला सांगितलं की आज बोलला नाहीत तर उद्यापासून मीही बोलणार नाही. त्या दिवशी काका जावयाला म्हणाले, "तिखट होती का?" तेवढ्यावर समेट झाला.

दोऱ्याच्या मिरच्या वाळल्या की बी काढून राखेत घोळवायचं आणि चुलीवर टांगलेल्या दुधी भोपळ्याच्या वाळक्या तुंब्यात भरायचं. तुंबा कधी रिकामा करायचा नाही. जुनं बी तळाशी असतानाच वर नवं ओतायचं आणि हलवायचं. मी विचारलं, "वेगवेगळं का ठेवत नाही?" तर म्हणाले, "जुन्यात नवं मिसळलं तं वंश तुटत नाय." हे त्यांनी आईकडून घेतलं होतं की स्वतः काढलं होतं, मला माहीत नाही. पण गावात दुसरं कुणी असं करत नव्हतं.

आणि या तुंब्यातलं बी ते विकत नसत. ते फक्त लग्न होऊन जाणाऱ्या मुलींना मिळायचं.

गावातली कुठलीही मुलगी असो, मोठ्या घरची असो की डोंगराकडच्या वाडीतली, तिची पाठवणी निघाली की काका मांडवात हजर. जेवायला बसायचे नाहीत, अक्षतांनाही यायचे नाहीत. मुलीची ओटी भरली जायची तेव्हा तांदूळ-नारळाबरोबर हळदीच्या फडक्यात बांधलेली मिरचीच्या बियांची पुरचुंडी तिच्या पदरात टाकायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "ओल्या पानाला हात लावू नको, सासू सांगंल तरी." गावातल्या कितीतरी मुलींचा संसार असा सासूचं न ऐकण्याच्या उपदेशाने सुरू झाला आहे. पण ती पुरचुंडी मिळाल्याशिवाय मुलगी गाडीत चढायची नाही. टोकावड्याला, सरळगावला, पलीकडे शहापूरकडे, जिथे जिथे या गावच्या मुली दिल्या होत्या तिथे तिथे परसात ही वाकडी मिरची होती. नांदायला गेलेली मुलगी पहिला ठेचा वाटायची आणि रडायची, असं काकी सांगायच्या.

आता जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दलचं आहे, आणि ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

माझं माहेर माळशेज घाट चढून गेलं की पलीकडे. तिकडे टोमॅटो फार. पहिल्या वर्षी सुट्टीवरून परत येताना वडिलांच्या शेतातलं टोमॅटोचं घरचं बी मी कागदात बांधून काकांसाठी आणलं. या घरात मला लेकीसारखं वागवत होते, तर आपणही काहीतरी द्यावं, असा साधा विचार. काकांनी ते कागदाची घडी उलगडून भिंगाने पाहिलं. मग मिरचीच्या शेजारचा, विहिरीलगतचा सगळ्यात चांगला वाफा त्याला दिला. पाहुण्याला पुढची खोली द्यावी तसा.

रोपं वर आली आणि पानांवर बारीक काळपट ठिपके दिसू लागले. भोवती पिवळसर कडा. मी ऐटीत सांगितलं, "करपा आहे. बुरशी. फवारा मारू." मारला. त्यातच अवेळी पाऊस आला, तीन दिवस सडकून. नंतर पाहावं तर ते ठिपके मिरचीवर. फळांवरही कुठे कुठे खरुजेसारखे खडबडीत डाग. काका भिंग लावून बराच वेळ पाहत होते. मला म्हणाले, "बाय, हे आमच्या मिरचीला कधी नाय झालं. यंदा बी धरू का नको?" चौघांत ते मला म्याडम म्हणायचे, घरात बाय.

मी म्हटलं, "बुरशी वरची असते काका, बियात जात नाही. खुशाल धरा." असं मला पक्कं माहीत होतं का? नव्हतं. पण माहीत नाही हे शब्द त्या वयात माझ्या तोंडून निघत नसत.

माझ्या शब्दावर त्यांनी बी धरलं. तुंब्यात ओतलं, जुन्यात मिसळलं. त्या वैशाखात गावातल्या अकरा मुलींची लग्नं झाली.

पुढच्या आश्विनात काकांच्या वाफ्यातली मिरचीची रोपं चार पानांवर आली आणि त्यांच्यावर ठिपके होते. यंदा शेजारी टोमॅटो नव्हता, पाऊस थांबून पंधरा दिवस झाले होते. मी रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्या कॉलेजातल्या वनस्पती रोगशास्त्राच्या सरांकडे घेऊन गेले. सरांनी पानाचा तुकडा काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. कापलेल्या कडेतून धुरासारखं काहीतरी पाण्यात सुटत होतं. "जिवाणू," सर म्हणाले. "टोमॅटो आणि मिरची, दोघांनाही होतो. बियातून येतो, बियात वर्षानुवर्षं टिकतो. बुरशीनाशकाने याला काहीही होत नाही." मग त्यांनी विचारलं, "पानं ओली असताना कुणी मळ्यात हिंडतं का? त्याने हातोहात पसरतो." मी मान खाली घालून म्हटलं, "नाही सर. आमच्याकडे दव सुकेपर्यंत बसतात."

घरी आले आणि काकांना ओसरीवर सगळं सांगितलं. माझं बी, माझा करपा, माझं खुशाल धरा, काही लपवलं नाही. काकी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. काकांनी विचारलं, "जिवाणू म्हंजी? दह्यात असतात तेच का?"

"तसलेच. पण वाईट."

त्यांनी तुंब्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी मी जुन्या बियाला विरजण लावलं." कॉलेजात दोन वर्षं शिकून मला जे इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं ते त्यांनी सांगितलं. उठून त्यांनी तुंबा खाली काढला आणि आख्खाच्या आख्खा चुलीत घातला. खोकून खोकून आम्ही तिघंही अंगणात पळालो. आजीपासूनचं बी होतं ते. काकी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. तो खोकला होता की रडणं, मला कळलं नाही. वाफ्यातली रोपंही त्यांनी त्याच संध्याकाळी उपटून जाळली.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पांढरा सदरा आणि धोतर घालून उभे. जो माणूस धसईच्या बाजारापलीकडे सहसा जात नसे, तो म्हणाला, "चल बाय. अकरा घरं हायेत."

"कशाला?"

"बी परत मागायला."

काकी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ओटीत घातलेलं परत मागतात का कुठं? पोरीची ओटी रिकामी करायची? लोक तोंडात शेण घालतील."

"घालूदेत," काका म्हणाले.

काकींचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे दिलेलं परत घेणं वाईटच, त्यात ओटीतलं म्हणजे अपशकुन. आधीच्या लेकींच्या मिरच्या जुन्या, वेगळ्या रुजलेल्या, त्यांची काळजी नव्हती. पण या अकराजणी सासरी नव्या. त्यांच्या हातून सासरच्या मळ्यात रोग गेला असता तर बोल पुरचुंडीला लागला नसता, पोरीला लागला असता. काकांनी हे मला सांगितलं नाही. ते मला चौथ्या-पाचव्या घरी आपोआप कळलं.

एसटीने, जीपने, काही ठिकाणी पायी, आम्ही दोघं आठवडाभर हिंडलो. काहींची पुरचुंडी अजून फडताळात होती, ती सहज मिळाली. काहींनी रोप टाकलं होतं. काका स्वतः उपटायचे, पोत्यात भरायचे, मोकळ्यावर नेऊन जाळायचे. मग साबण लावून हात धुवायचे, चपला धुवायचे आणि पुढच्या घरी जायचे. सकाळी कुठे लवकर पोचलो तर तिथेही बांधावर बसायचे. मी म्हटलं, "काका, उपटायचीच आहेत ना, मग दवाचं काय?" ते म्हणाले, "शेजारी त्यांची वांगी हायेत."

टोकावड्याला मात्र मुलीचे सासरे रस्त्यावरच्या ढाब्यात चार माणसांत बसले होते. काकांनी हात जोडून येण्याचं कारण सांगितलं. सासरे मोठ्याने म्हणाले, "म्हंजी तुमी आमच्या घरात रोग पाठवलात. मोठं नाव तुमचं, मिरचीवाले! लेकीला माहेरनं सोनं देतात, तुमी खरूज दिलीत." लोक हसले. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हणाले, "अहो, यात काकांची काहीच..."

"म्याडमला पाणी द्या कोणीतरी," काका मधेच म्हणाले. "उन्हाचं चालत आल्यात. चूक माझीच हाय. मळा कुठं ते दाखवा."

परतीच्या एसटीत मी त्यांना विचारलं, मला बोलू का दिलं नाहीत? ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तू आता नाव सांगितलं असतंस तं उद्यापास्नं तालुक्यात तुझं कोण ऐकंल? तुला अजून तीस वरसं लोकांना सांगत फिरायचंय, अमुक मारा नि तमुक लावा. माझं ऐकायला कोण येतो? आनि बी तू दिलंस, पन लावलं मी. लावणाऱ्यानं बगायचं असतं." मी रडायला लागले तशी मागच्या बाकावरच्या बाईने काकांकडे संशयाने पाहिलं. काका तिला म्हणाले, "मिरची लागली."

त्या दिवसापासून आजवर एखाद्या शेतकऱ्याने काही विचारलं आणि मला येत नसलं तर मी सरळ "माहीत नाही, बघून सांगते" म्हणते. माझे वरिष्ठ यावर अनेकदा नाराज झाले आहेत.

अकरावं घर शहापूरजवळ सापगावला. ही मुलगी लहानपणीच आई-बाप गेलेली, चुलत्याने वाढवलेली. तो तिचं लग्न लावून देऊन मोकळा झाला होता. पाठवणीला तिच्या पदरात काकांची पुरचुंडी सोडली तर मनापासून दिलेलं फार काही नव्हतं. तिने श्रावणातच रोप टाकलं होतं. परसात चाळीसेक झाडं, गुडघ्याएवढी, फुलावर आलेली. भोवती काट्यांचं कुंपण तिने स्वतः केलं होतं. आम्हाला बघून ती धावत आली, पाणी दिलं, चहा टाकला. माहेरचं माणूस आलं म्हणून शेजारणीला हाक मारून सांगितलं. काका झाडांकडे बघत होते. खालच्या पानांवर ठिपके होते. मला ते दारातूनच दिसले.

काकांनी सांगितलं. सासू म्हणाली, "माहेरची मानसं दिलेलं न्यायला येतात, हे आजच बगते." मुलगी सासूकडे न बघता म्हणाली, "काका, हे नेलंत तं मग माझ्याकडं तिकडचं काय ऱ्हायलं?"

काका "बगू" सुद्धा म्हणाले नाहीत. ते परसात गेले आणि एकेक झाड मुळासकट उपटू लागले. अर्ध्यावर आले तेव्हा ती आली, पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाकडून स्वतः उपटायला लागली. सगळं जाळून झालं, हात धुऊन झाले. निघताना काका उंबऱ्याबाहेर थांबले.

"दिवाळीला मी येईन," ते म्हणाले.

"दुसरं बी घेऊन?"

"नाय. चांगलं बी कधी मिळंल ठाऊक नाय. नुसता येईन."

आणि ते गेले. त्या दिवाळीला, पुढच्या, त्याच्या पुढच्या. एकट्या सापगावला नाही, अकराही घरी. लाडू-करंज्यांचा डबा काखोटीला मारून हा घरकोंबडा माणूस दिवाळीचे चार-पाच दिवस एसटी बदलत हिंडायचा. टोकावड्याच्या सासऱ्यांनी पहिल्या वर्षी तोंड फिरवलं, दुसऱ्या वर्षी चहा दिला, तिसऱ्या वर्षी म्हणे स्वतः स्टॅंडवर घ्यायला आले. काकी मात्र दिवाळीत एकट्या. "अकरा लेकी झाल्या म्हातारपणी," त्या म्हणायच्या, "नि बायकोची आठवण भाऊबीज सरल्यावर." त्या हसून म्हणायच्या, पण काकांचं हे मला कधी पटलं नाही. काकींना बरोबर न्यायला काय हरकत होती? विचारलं तर म्हणाले, "घराकडं कोन बगंल?"

दरम्यान चांगल्या बियाचा शोध चालूच होता. वीसेक वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका वाडीत दिलेल्या बाईच्या परसात ती मिरची निरोगी सापडली. काकांनी तिचं मूठभर बी आणलं, पण आता त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. सरांनी सांगितलं होतं की बी पन्नास अंश गरम पाण्यात पंचवीस मिनिटं ठेवा. काकांनी मुरबाडच्या डॉक्टरकडून तापाचा थर्मामीटर आणला आणि पातेल्यात बुडवला. टच् करून फुटला. पाऱ्याचे मणी पातेल्याच्या तळाशी पळायला लागले, त्यात टाकलेलं चिमूटभर बी फेकावं लागलं. "कच्चा असंल," काका म्हणाले आणि दुसरा आणला. तोही फुटला. तापाचा थर्मामीटर बेचाळीस अंशांच्या पुढे जात नाही, हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं? मी तिथेच, पातेल्याजवळ, पदविकेसकट उभी होते. शेवटी दूध संकलन केंद्रातून दुधाचा लांब थर्मामीटर मिळाला. काका पाट घेऊन चुलीपुढे बसले आणि पंचवीस मिनिटं त्यांनी डोळ्यांची पापणी हलवली नाही. काकी म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात एवढी काळजी नाय केली."

ते उरलेलं बी त्यांनी जुन्या जागेपासून लांब, माळावरच्या वाफ्यात लावलं. रोज भिंग. पहिल्या हंगामात एकही ठिपका नाही. मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "चोर पन दोन दिस सरळ ऱ्हातो." दुसऱ्या हंगामात नाही, तिसऱ्यातही नाही. तोवर माझी बदली शहापूरला झाली होती. चौथ्या हंगामानंतर, दिवाळीच्या आदल्या दिवशी, ते माझ्या दारात उभे राहिले. खिशातून हळदीच्या फडक्यातल्या पुरचुंड्या काढून मला दाखवल्या. अकरा होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्याआधी कधी न पाहिलेलं हसू होतं. म्हणाले, "पहिली सापगावला. चल."

ती आता दोन मुलांची आई होती. सासू खाटेवर बसून नातवाला खेळवत होती. आम्हाला पाहून तिनेच आत हाक दिली, "तुझं काका आलं गो!" काकांनी चहाही घेतला नाही. उभ्या उभ्या पुरचुंडी पुढे केली आणि म्हणाले, "घे. चार वरसं बगितलंय. आता खोट नाय."

तिने हात पुढे केला नाही. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "नको काका."

"अगो, चांगलं हाय. ह्या म्याडमला विचार."

"चांगलं असंल. पन हे घेतलं तं पुढल्या दिवाळीला तुमी कशाला याल?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू याचं काही औषध माझ्या खात्यात असेल. मी नजर दुसरीकडे वळवली. मग काकांनी पुरचुंडी पुन्हा सदऱ्याच्या खिशात घातली. "बरं," ते म्हणाले. "पुढल्या वरसाला देतो मंग." आणि चपला काढून तिने मांडलेल्या पाटावर जेवायला बसले.

बाकीच्या दहाजणींनी आपापल्या पुरचुंड्या घेतल्या, पेरल्या. सापगावची मात्र काका दर दिवाळीला खिशात घालून नेत आणि परत आणत. ती नको म्हणे, ते पुढल्या वर्षी देतो म्हणत आणि जेवायला बसत. असं ते जाईपर्यंत चाललं, म्हणजे सहा की सात वर्षं. पुरचुंडी तीच, आतलं बीही तेच. मिरचीचं बी तीन वर्षांपलीकडे उगवत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.